जगबुडीची तारीख आणि मावशीचा मोतीबिंदू

२०२५च्या जानेवारीत माझ्या मावशीच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. तपासण्या झाल्या, साखर आटोक्यात आली, तारीखही मिळाली. आदल्या आठवड्यात तिने ती परस्पर रद्द केली. कारण विचारलं तर म्हणाली, "आत्ता नको रे. सगळे ग्रह एका रांगेत आलेत. मार्चनंतर बघू."

तिच्या मोबाइलवर एक संदेश आला होता. ग्रह रांगेत येणार, तीन दिवस अंधार पडणार, भूकंप होणार, या काळात शरीराला शस्त्र लावू नका, आणि हा संदेश अकरा जणांना पाठवा. मी नास्तिक माणूस. विज्ञानावर लिहितो, त्यामुळे अशा संदेशांची खिल्ली उडवायची जुनी खोड आहे. घरच्या ग्रुपवर मी चारचौघांत मावशीची फिरकी घेतली. पोरांनी हसण्याच्या चित्रांचा पाऊस पाडला. मावशी काहीच बोलली नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर ती रात्री उठली आणि अंधुक दिसत असल्याने उंबऱ्याला अडखळून पडली. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, काळ वाईट आहे."

त्या एका वाक्यात जगबुडीच्या भाकितांचं सगळं तंत्र आलं. भीतीमुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली, ती ढकलली म्हणून नजर अधू राहिली, नजर अधू म्हणून ती पडली. आणि पडल्याचं श्रेय मात्र ग्रहांना मिळालं! जग बुडत नाही, हे सगळ्यांनाच दिसतं. पण ठरलेल्या तारखेच्या आधी माणसांचं जे नुकसान होतं, ते भाकिताच्या खात्यावर कोणी मांडत नाही. हा लेख त्या हिशेबासाठी.

आठ ग्रह, एक रास

मावशीची भीती मोबाइलमधून आलेली नव्हती. ती १९६२ सालची होती. तेव्हा ती नऊ वर्षांची, मुक्काम कऱ्हाड. त्या वर्षी ३ ते ५ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू असे आठ 'ग्रह' मकर राशीत एकत्र आले. हीच ती अष्टग्रही. देशभर ज्योतिषांनी प्रलयाची भाकितं केली. ठिकठिकाणी यज्ञ, होमहवन, अखंड पारायणं सुरू झाली. पंतप्रधान नेहरूंनी या भीतीची टर उडवली, पण यज्ञकुंडं धगधगत राहिली. मावशीला आठवतं ते एवढंच, की आजोबांनी आठवडाभराचं धान्य आणि रॉकेल भरून ठेवलं होतं आणि रात्री सगळी आळी देवळात बसली होती. तिला झोप येत होती, पण झोपलं तर आपण मरू, असं वाटत होतं.

आता आकाशात खरोखर काय झालं होतं ते बघू. यादीतला सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह. केतू ही तर वस्तूच नाही. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग जिथे एकमेकांना छेदतात त्या दोन बिंदूंची नावं राहू आणि केतू. अमावास्येला चंद्र अशा बिंदूजवळ असला की सूर्यग्रहण होतं. तसं ते ५ फेब्रुवारीला झालंही. न्यू गिनी आणि पॅसिफिक महासागरावरून खग्रास पट्टा गेला. पंचांगाचं गणित चोख होतं, हे मान्यच केलं पाहिजे. चूक गणितात नव्हती, त्यातून काढलेल्या निष्कर्षात होती.

मंगळ, गुरू आणि शनी हे पृथ्वीच्या कक्षेबाहेरचे ग्रह. ते सूर्याच्या दिशेला दिसतात तेव्हा सूर्याच्या पलीकडे असतात. म्हणजे ज्या दिवशी ते 'एकत्र येऊन' आपल्याला चिरडणार होते, त्या दिवशी ते आपल्यापासून जवळपास जास्तीत जास्त लांब होते.

जवळ असते तरी काय केलं असतं? समुद्राला भरती येते ती मुख्यतः चंद्रामुळे, आणि सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. हा ताण वस्तुमानाबरोबर वाढतो, पण अंतराच्या घनाने कमी होतो. अंतर दुप्पट झालं तर ताण आठपट घटतो. हिशेब केला तर शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाही त्याचा ताण चंद्राच्या सुमारे अठरा हजारांश भरतो. अजस्र गुरूचा तर लाखांश भागही नाही. १९६२च्या त्या अमावास्येला समुद्राला जी भरती आली, ती कोणत्याही अमावास्येला येते तशीच.

आणि एक गंमत. त्याच १९६२ सालच्या १४ डिसेंबरला 'मरिनर २' हे अमेरिकी यान त्या आठांपैकी एकाच्या, शुक्राच्या, जवळून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून माहिती पाठवणारं ते पहिलं यान. भारतातही अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती त्याच वर्षी स्थापन झाली. ज्या ग्रहांना शांत करण्यासाठी तूप जाळलं जात होतं, त्यांच्या भेटीला जायची तयारी माणसाने त्याच वर्षी केली.

खरं संकट मात्र त्याच्या सात महिने आधीच येऊन गेलं होतं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. धरणाचं काम अपुरं असताना त्यात पाणी साठलं होतं. १९९३च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचा जड माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला आणि हजारो जीव गेले. या दोन्ही संकटांतून शिकण्यासारखं होतं ते धरणाच्या बांधकामाबद्दल आणि घराच्या भिंतींबद्दल. मकर राशीत त्याचं उत्तर नव्हतं.

चुकलेल्या भाकिताचं काय होतं?

हा रोग आपल्याकडचाच आहे, असं मुळीच नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकाने बायबलमधल्या आकड्यांवरून येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला. त्याच्या अनुयायांनी अखेरीस २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. अनेकांनी शेतातलं पीक तसंच उभं ठेवलं. दिवस उजाडला, मावळला, काही झालं नाही. इतिहासात त्या दिवसाला 'महानिराशा' असंच नाव पडलं. पण निराशेतून चळवळ संपली नाही. काहींनी अर्थ बदलला, म्हणाले की घटना घडली, पण ती स्वर्गात घडली. त्यातून पुढे नवे पंथ उभे राहिले.

१९१०मध्ये पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून जाणार होती. त्या शेपटीत विषारी सायनोजेन वायू असल्याचं कळलं आणि धूमकेतूपासून वाचवणाऱ्या गोळ्या विकल्या गेल्या. शेपटी इतकी विरळ असते की पृथ्वीवर तिचा मागमूसही लागला नाही. गोळ्यांचे पैसे मात्र खरे होते.

हॅरॉल्ड कॅम्पिंग हा अमेरिकी रेडिओ प्रवचनकार शिक्षणाने अभियंता. त्याने १९९४ सालाचं भाकीत केलं, ते हुकलं. मग २१ मे २०११ ही तारीख दिली. जाहिरातींवर प्रचंड पैसा खर्च झाला, काही अनुयायांनी आयुष्याची पुंजी त्यात घातली. तीही तारीख हुकल्यावर त्याने २१ ऑक्टोबर सांगितलं. पुढच्या वर्षी त्याने आपली चूक जाहीरपणे कबूल केली. भाकीत करणाऱ्यांत हे दुर्मीळच. पुंजी मात्र परत आली नाही.

भाकीत फसल्यावर श्रद्धा का मोडत नाही, यावर लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९५६चा अभ्यास प्रसिद्ध आहे. शिकागोजवळचा एक लहानसा गट २१ डिसेंबर १९५४ला महापूर येणार आणि परग्रहावरून यान येऊन आपल्याला वाचवणार, म्हणून वाट बघत बसला होता. पूर आला नाही, तेव्हा गटाने अर्थ लावला की आपल्या श्रद्धेमुळेच जग वाचलं. एवढं सगळं सोडून दिल्यावर आपण चुकलो, हे मान्य करणं मनाला झेपत नाही. त्यापेक्षा अर्थ बदलणं सोपं जातं.

हा अभ्यास आम्हा नास्तिकांचा लाडका. म्हणूनच त्याबद्दलची दुसरी बाजूही सांगायला हवी. संशोधकांची माणसं अनुयायी असल्याचं भासवून त्या गटात शिरली होती. छोट्याशा गटात अशी चारदोन माणसं आली की त्यांचाच प्रभाव पडतो. त्यामुळे या अभ्यासातल्या निष्कर्षांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. सगळेच भाविक अपयशानंतर अधिक कडवे होतात, असं त्यावरून म्हणता येत नाही. अनेक जण मुकाट्याने गट सोडून घरी जातात. आपल्याला सोयीचा पुरावा असला तरी त्याची उलटतपासणी करायची. संशयवादी म्हणवून घ्यायचं तर एवढी किंमत द्यावीच लागते.

नुकसान आधीच होतं

२१ डिसेंबर २०१२ आठवतो? माया संस्कृतीची दिनगणना त्या दिवशी 'संपणार' होती. प्रत्यक्षात १,४४,००० दिवसांचं एक, अशी तेरा आवर्तनं पूर्ण होत होती. आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर ३१ डिसेंबरला संपतं, तसंच ते. पण नासाचे शास्त्रज्ञ डेव्हिड मॉरिसन यांच्याकडे हजारो घाबरलेल्या माणसांचे प्रश्न आले. त्यांत शाळकरी मुलंही होती आणि काही मुलं आत्महत्येचे विचार बोलून दाखवत होती.

आपल्याकडे त्याआधीच हे घडलं होतं. १० सप्टेंबर २००८ला युरोपातला 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' हा महाकाय प्रयोग सुरू झाला. त्यातून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल, अशा चर्चा काही वृत्तवाहिन्यांनी दिवसदिवस चालवल्या. मध्य प्रदेशातल्या एका शाळकरी मुलीने आपला जीव दिला. त्या बातम्यांनी ती घाबरली होती, असं तिच्या वडिलांनी सांगितल्याचं तेव्हा वृत्तपत्रांत आलं. त्या भीतीत धर्म नावालाही नव्हता, प्रयोगशाळेचं नाव होतं. जगबुडी विकायला देव लागतोच असं नाही.

भीती ही शरीरातही घडणारी गोष्ट आहे. धोका जाणवला की अ‍ॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. हृदयाचे ठोके, रक्तदाब, साखर वर जातात. वाघ समोर आला तर हे उपयोगाचं. पण महिनाभर वाघ येतोच आहे असं वाटत राहिलं, तर झोप उडते, मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात राहत नाहीत, आणि माणूस पुढच्या महिन्याचं काहीच ठरवत नाही. औषधं संपतात, तपासण्या राहतात. मावशीच्या बाबतीत हेच झालं.

मग श्रद्धेचं काय?

मला देव मानायला पुरेसं कारण सापडलेलं नाही. विश्व आपल्याला उद्देशून निरोप धाडतं, ग्रह आपल्याकडे बघून रांगा लावतात, यावर माझा विश्वास नाही. पण देव आहे की नाही, हा वाद आणि अमुक तारखेला जग बुडणार, हा दावा यांत मी फरक करतो. पहिला वाद चहावर जन्मभर घालता येतो. दुसरा दावा तपासता येतो.

तपासायचा कसा, हे आपल्या पुण्यातच दाखवून झालं आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने, दोनशे पत्रिका जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासून कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. त्यात कोणाची टर उडवलेली नव्हती. दावा काय, तो आधी ठरवायचा, मोजायचा कसा तेही आधी ठरवायचं, आणि मग मोजायचं.

श्रद्धेतून धीर मिळतो, हे मला दिसतं. प्लॅस्टरमधल्या हाताने मावशी हरिपाठ म्हणत होती आणि तिचा चेहरा निवळत होता. तशी सोय माझ्यापाशी नाही, हे मी कबूल करतो. माझी तक्रार वेगळी आहे. जी जागा धीर देते, तिथेच कोणीतरी आधी भीती पेरतो आणि मग तिच्यावरची शांत पैसे घेऊन करून देतो. गोळ्या विकणारा आणि रोग पसरवणारा एकच असेल, तर भाविकानेही सावध व्हावं. खरं तर भाविकाच्या स्वतःच्या पोथीतही घाई नाही. पारंपरिक गणनेनुसार कलियुग ४,३२,००० वर्षांचं, आणि त्यातली जेमतेम ५,१०० वर्षं सरली आहेत. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

विज्ञानाचंही भाकीत

त्याच फेब्रुवारीत तिने मला पेचात पकडलं. "तुमच्या विज्ञानाचंही आलंय की! दगड पडणार आहे म्हणे."

ती बोलत होती '२०२४ वायआर४' या लघुग्रहाबद्दल. २७ डिसेंबर २०२४ला तो सापडला. २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के सांगितली गेली. संभाव्य पट्ट्यात दक्षिण आशियाही होता. आठवडाभरात नवी निरीक्षणं आली आणि ही शक्यता जवळपास शून्यावर उतरली.

"म्हणजे तुमचंही चुकलंच," मावशी म्हणाली.

चुकलं नव्हतं, पण प्रश्न रास्त होता. सुरुवातीला लघुग्रहाच्या मार्गाची माहिती अपुरी असते. तो कुठून जाईल याचा पट्टा लाखो किलोमीटर रुंद असतो आणि पृथ्वी त्यात एका ठिपक्याएवढी. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा अरुंद होतो. ठिपका अजून पट्ट्यातच असेल तर त्याचा वाटा, म्हणजे टक्केवारी, वाढत जाते. पट्टा आणखी आक्रसून ठिपका बाहेर पडला, की टक्केवारी एकदम कोसळते. आणि हे सगळं सर्वांसमोर, रोजच्या रोज आकडे जाहीर करून होतं.

भविष्यवाणी आणि अंदाज यांतला फरक तो हाच. अंदाजात 'किती खात्री' ते सांगितलेलं असतं. तो कशाने बदलेल, तेही सांगितलेलं असतं. आणि काहीतरी करता येईल, अशी वाट असते. २६ सप्टेंबर २०२२ला नासाने 'डार्ट' हे यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो आपल्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे, त्या फेरीत सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडला. येणारा दगड ढकलता येऊ शकतो, एवढं तरी त्यातून कळलं.

शास्त्रज्ञांचा शब्द म्हणून काहीही मानावं, असंही नाही. ग्रहांच्या रचनेमुळे १९८२ साली कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होईल, असं एक पुस्तक १९७४मध्ये दोन शिकलेल्या लेखकांनीच लिहिलं होतं. १९८२ आलं आणि गेलं. नाव कोणाचंही असो, हिशेब मागायचाच.

असा संदेश आला तर

मी आता खिल्ली उडवत नाही. खिल्लीमुळे माणूस शहाणा होत नाही, फक्त आपल्याला सांगणं बंद करतो. मावशीने शस्त्रक्रिया मला न विचारता रद्द केली आणि नंतरही मनातलं सांगितलं नाही, त्यात माझाही वाटा आहे. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. नेमकी तारीख कोणती? हे कोणी सांगितलं, आणि त्याने याआधी सांगितलेल्याचं काय झालं? ते खोटं ठरलं तर तो काय करणार आहे? आणि हा संदेश माझ्याकडून काय करवून घेतो आहे: पैसे, उपचार थांबवणं, की पुढे पाठवणं?

उपचार थांबवायला सांगणारा कोणताही संदेश डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पाळू नये. घरातलं मूल अशा बातमीने घाबरलं असेल, झोपत नसेल, शाळा टाळत असेल, तर "काहीतरीच काय" म्हणून उडवून लावू नये. शेजारी बसावं, त्याला काय वाटतं ते ऐकावं, बातम्या बंद कराव्यात, आणि भीती हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

मावशीची शस्त्रक्रिया एप्रिलच्या मध्यावर झाली. महिनाअखेरीस तिला गच्चीवर नेलं. पश्चिमेला गुरू ठळक दिसत होता. डावा डोळा उघडा ठेवून, उजव्यावर हात धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "त्या आठांतला का रे हा?"

"हो. त्या दिवशी सूर्याच्या पलीकडे होता."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली.

पुढची तारीख मी तिला आत्ताच देऊन ठेवली आहे. १३ एप्रिल २०२९, वार शुक्रवार. अपोफिस नावाचा सुमारे साडेतीनशे मीटरचा लघुग्रह पृथ्वीपासून जेमतेम ३२,००० किलोमीटरवरून जाईल. भारतीय वेळेनुसार तेव्हा १४ एप्रिलची पहाट, म्हणजे आंबेडकर जयंती उजाडत असेल. तो आदळणार नाही, हे मोजून झालेलं आहे. पण तेरा तारीख आणि शुक्रवार बघून संदेशांचा पूर येईल, हे भाकीत मी खात्रीने करतो. ते चुकलं तर याच जागी कबूल करीन.

मावशीने तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली. खाली लिहिलं: उजवा डोळा त्याच्या आधी.